कासवी मागं बघत नाय

सूर, ओमान
श्रावणातला शुक्रवार, १९९७

प्रिय कृष्णाताईस,

तुझ्या धाकट्या जावेचा, जनीचा नमस्कार. हे पत्र मी टपालात टाकणार नाय. टपालाच्या आधी मीच जोह्याला घरी पोचेन. आज रात्रीचं विमान हाय, उद्या सकाळी मुंबईत. पण काही गोष्टी मला तुझ्या तोंडावर बोलता यायच्या नायत. आधी मी रडेन, मग तू रडशील, आणि बोलायचं तसंच राहील. म्हणून लिहिते. माझं अक्षर तुला माहीत हाय, चौथीतलं. तू सातवी शिकलीस, तू घेशील लावून. प्रविणदादाच्या इथल्या घरात मोरीजवळ जमिनीवर बसलेय, बाजूला आईनं खजुराची गाठोडी बांधून ठेवलीत. बाकी सगळी परत आडवी झालीत, कारण आम्ही पहाटेच्या अंधारात उठून लांबच्या एका किनाऱ्यावर जाऊन आलो. तिथं जे बघितलं त्यानं मला झोप येईना. ते पुढं सांगते.

तू विचारशील, विमान कसं गो होतं. ताई, जाताना मी डोळे मिटूनच बसले होते. माझ्या आदूला तुझ्या कडेवर सोडून निघाले तेव्हापासून मला एकच दिसत होतं, विमान पडलं तर तो पोर मला ओळखणार पण नाय. त्याचं नाव माझ्या पासपोर्टात चढलं असतं तर ही वेळच आली नसती. पण ते राहिलं, आणि वैशालीवैनीचे दिवस भरत आलेले, आणि आमची आई एकटी परमुलखात कशी जाईल. तूच म्हणालीस, जा गो, मी हाय ना. आई मात्र बिनघोर. विमानाच्या दारात तिनं चपला काढून हातात घेतल्या. तिथली साडीवाली बाई म्हणाली, आजी, घाला चपला. तर आई म्हणते, आभाळात चाललोय बाये, देवाच्या दारात चपला कशा घालू. तशीच अनवाणी बसली. वर गेल्यावर मला कोपरानं ढोसते, बघ जने, ढग खाली हायत. मी एक डोळा उघडला. खरंच खाली होते. खारेपाटात मिठाच्या राशी असतात ना उन्हात, तसे, नजर पोचेल तिथवर. मी घाबरून परत डोळा मिटला, पण ते पांढरं मिटलेल्या डोळ्यातही दिसत होतं.

इथं आल्यावर तर रोज काहीतरी नवल. डोंगर हायत, पण अंगावर गवताची काडी नाय. भाजलेल्या विटांच्या रंगाचे नुसते उघडे दगड. आई म्हणाली, ह्यांच्यावर पाऊस रुसलाय. दादा सांगतो नळाचं पाणी समुद्राचं हाय, मशिनीतून गोडं करून घरोघर देतात. मी पहिला पेला हातात घेऊन किती वेळ बघत बसले. आपण खाडीकाठची माणसं, पाण्यातनं मीठ काढणारे माहीत, हे मिठातनं पाणी काढतात. आणि सगळ्यात मोठं नवल सूर्याचं. आपल्याकडं सूर्य संध्याकाळी समुद्रात बुडतो, मांडव्याला गेलो होतो तेव्हा आपण बघितलेला. इथं तो सकाळी समुद्रातनं वर येतो. ओला, तांबडा, पहिल्यांदा नुसती कड, मग पाण्यावर टेकलेला, मग सुटतो. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. मी दादाला विचारलं, हा दुसरा समुद्र का? तो म्हणाला, येडी, तोच हाय. तू तिकडनं बघायचीस, आता इकडनं बघतेस. जिथनं सूर्य वर येतो तिथं पलीकडं आपलं घर.

तेव्हापासून मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन तिकडं तोंड करून उभी राहायची. ताई, तुला आठवतं, देवळात सप्त्याला ते म्हातारे बुवा आले होते. आदू तेव्हा पोटात होता, आपण दोघी मागं खांबाला टेकून बसलो होतो. बुवांनी सांगितलेलं, कासवीला दूध नसतं. ती एका तीरावर, पिलं दुसऱ्या तीरावर, आणि ती नुसती त्यांच्याकडं बघते, तिच्या बघण्यावर पिलं वाढतात. म्हणून देवाच्या समोर कासव. मी ते धरून बसले होते. मला वाटायचं मी इथनं नीट बघितलं, मन कुठं हलू दिलं नाय, तर आदूचं पोट भरेल, त्याला ताप यायचा नाय, तो मला विसरायचा नाय. एखाद्या दिवशी आईनं हाक मारली आणि मला मधेच खाली यावं लागलं तर मला दिवसभर धाकधूक, आज पोरगा उपाशी राहिला.

वैशालीवैनीला मुलगी झाली ते तुम्हाला कळलंच. भूमिका नाव ठेवलं. एक गोष्ट मात्र फोनवर सांगितली नाय. वैनीला सुरुवातीला दूधच येईना. इकडं माझी छाती भरून दगड व्हायची, मी मोरीत जाऊन पिळून टाकायची आणि रडायची. आईनं एकदा बघितलं. पोरीला उचलून आणली आणि माझ्या पदराखाली दिली. एवढीशी गो ती, मांजराच्या पिलाएवढी, पण अशी लागली की मला आदूची आठवण येऊन डोळ्यासमोर अंधारी आली. मग रोज तसंच झालं. वैनीला पुढं दूध आलं, तरी रात्रीची पोरगी कुरकुरली की मलाच जाग यायची, वैनीच्या आधी. तिच्या अंगाचा वास माझ्या पदराला लागलाय. आज सकाळी वैनी म्हणाली, वन्सं, तुम्ही निघताना मी तिला आतच ठेवते, तुम्हाला त्रास नको. मी म्हणाले, नको, माझ्या हातात दे, मी स्वतः तुझ्या हातात ठेवते. बोलले खरी. अजून व्हायचंय ते.

आता फोनचं. तू आदूला घेऊन गोविंदाच्या बूथवर आलीस तो दिवस. तू म्हणालीस चालायला लागला, आपल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या मधनं फिरतो, मोठ्या भावजींनी त्याच्या कमरेला घुंगरू बांधलंय म्हणजे कुठं हाय कळतं. मी खूप हसले. मग तू त्याच्या कानाला फोन लावलास, बोल, आईशी बोल. मी आदू, आदू करते, तो गप. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता तेवढा. मग कंटाळला आणि रडत म्हणाला, आई. ताई, लाइन एकदम स्वच्छ होती. तो मला नाय म्हणाला. आवाज लांब गेला, तो तुझ्याकडं वळून म्हणाला. आणि तू फोनपासून तोंड लांब नेऊन हळू म्हणालीस, आई नाय रे, काकी. काकी म्हण. तुला वाटलं मला ऐकू आलं नाय. मग तू फोन घेतलास आणि भलतंच बोललीस. म्हणालीस, तू आलीस की आदूला तुझ्या ओटीत घालून मी दुपारच्या गाडीनं गागोद्याला जाते, राहते थोडे दिवस, आईचे गुडघे दुखतात. गणपती तोंडावर, कारखान्यात रंगाचं एवढं काम पडलेलं, आणि तू माहेरी? तुझ्या आईचे गुडघे माझं लग्न झालं तेव्हापासून दुखतायत. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मग गच्चीवर जाऊन बसले. खोटं सांगत नाय, मला बरं वाटलं. वाटलं, तू नसलीस म्हणजे तो लवकर माझा होईल. आणि राग पण आला, की माझ्या एवढ्या बघण्याचं झालं काय.

आज पहाटे दादा म्हणाला, शेवटचा दिवस, सुट्टी पण हाय, चला कासवं दाखवतो. आई म्हणाली, कासव बघायला एवढ्या लांब कशाला, देवळात हाय की. पण आली. कंपनीच्या गाडीनं बराच वेळ वाळूतनं गेलो. तिथं एक म्हातारा राखण करतो, लांब पांढरा झगा, त्यानं बोट तोंडावर ठेवून सांगितलं, बोलायचं नाय, बॅटरी लावायची नाय. त्याच्या मागं मागं चालत गेलो. आधी मला वाटलं खडक हाय. मग खडक उसासला. माणसासारखा. ताई, एवढी मोठी कासवी, आदू तिच्या पाठीवर पाय पसरून निजला असता. खड्डा करून अंडी घालून झाली होती, वरनं वाळू लोटत होती. एकदा लोटायची, थांबायची, परत उसासायची. डोळ्यातनं पाण्याची धार. आईनं हात जोडले ते शेवटपर्यंत सोडले नायत. मी पण जोडले. मला वाटलं आता ती बसेल. वळून बघेल. बुवांनी सांगितलं तसं पाण्यात जाऊन त्या बाजूला तोंड करून थांबेल.

ती थांबली नाय. वाळू सारखी केली आणि चालायला लागली. एवढं जड अंग ओढत ओढत, दर दोन पावलांनी टेकत, समुद्राकडं. मी तिच्याबरोबर लांबनं चालत होते. मनात म्हणत होते, बघ, एकदा बघ मागं. तिनं मान पण वळवली नाय. लाट आली, तिच्या अंगाखाली शिरली, आणि ती जड बाई एकदम हलकी झाली, पाण्याचीच झाली. गेली. मी दादाला विचारलं, परत कधी येते पिलांना बघायला? तो म्हणाला, येत नाय. कोण पिलू तिचं ते तिला माहीत नसतं. तेवढ्यात सूर्य वर आला, आणि म्हाताऱ्यानं आम्हाला हातानं बोलावलं. दुसऱ्याच एका कासवीचा जुना खड्डा होता. वाळू आतनं हलत होती. एक पिलू वर आलं, करवंटीच्या तुकड्याएवढं, काळं. मग दहाबारा. मग उकळी फुटल्यासारखी आलीच. कोणी वाट दाखवली नाय, कोणी बोलावलं नाय, सगळी सूर्याच्या दिशेनं, पाण्याकडं धावत सुटली. वरनं पाखरांनी काही उचलली. ते बघवत नव्हतं. म्हातारा झग्याचा पदर हलवून पाखरं हाकलत होता, तोंडानं हुश हुश करत. त्याची कोण होती ती? तरी इकडनं तिकडं धावत होता. मी पण धावले. आई पण, हातात चपला घेऊन. शेवटचं पिलू पाण्यात जाईपर्यंत आम्ही तिघं उन्हात हात हलवत उभे होतो. एवढं मोठं काही मी जन्मात बघितलं नाय. सगळं अंग आतनं धुवून निघाल्यासारखं झालं.

गाडीत बसल्यावर मला कळलं. बघण्यानं कोणी वाढत नाय गो. बुवांचं बोलणं ऐकायला गोड हाय, मी त्यांना नावं ठेवत नाय. पण माझा आदू वाढला तो मी गच्चीवर उभी राहिले म्हणून नाय. तू त्याचं तोंड धुतलंस, भात कालवून भरवलास, त्याला दात येताना रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरलीस, म्हणून वाढला. मी ज्या पोरीला पाजलं तिला आज सोडून जायचं तर माझा जीव निघतोय, आणि तिची आई तर समोर बसलीय. मग तुझ्याकडनं मी त्याला नुसता उचलून घ्यायचा आणि तू गाडीत बसून एकटीनं गागोद्याला जायचंस, हे कसं? आणि लोक काय म्हणतात ते मला माहीत नाय का? घरात पोर झालं की, तुला मूल नाय म्हणून, तुला लांब बसवणाऱ्या बाया आता तुला विचारतील, काय कृष्णे, ज्याचं त्याला दिलंस ना? म्हणून जातेयस तू. माझ्यासाठी पण आणि त्यांच्यासाठी पण.

तर ताई, हे लिहायचं कारण. उद्या हे मला आणि आईला विमानतळावर घ्यायला येतील. आई सरळ रोह्याला जाईल. मी आले की तू निघणार, म्हणून मी हमरापूर फाट्यावरच उतरून चहाच्या टपरीवर सामान घेऊन बसेन आणि तुझ्या दिराला हे पत्र देऊन पुढं पाठवीन. ते तुझ्या हातात देतील, तू एकटी बसून वाच. मला फार भीती वाटतेय. विमानापेक्षा जास्त. तो मला बघून तोंड फिरवील, तुझ्या गळ्याला मिठी मारील, मला माहीत हाय. मारू दे. त्याला माझ्याकडं ढकलू नको, काकी म्हण म्हणू नको. तुला आई म्हणतो ना, म्हणू दे, ते मोडू नको. मला काय म्हणायचं ते तो आपलं आपण बघील, दोन दिवसांनी नायतर दोन महिन्यांनी. मी रडले तर रडू दे मला, तू चूल बघ. रात्री तो तुझ्याजवळच निजू दे, मी पलीकडं अंथरूण टाकीन. तुझ्या आईचे गुडघे बघायला गणपती झाल्यावर आपण तिघंही जाऊ गागोद्याला. पण उद्या नाय. हे निरोप घेऊन येतील, की तू गाडीत बसलीस का घरात हायस, आणि मग मी टपरीवरनं उठेन. तू गेली असशील तर मी पहिल्यांदा गागोद्याची गाडी धरेन, मग घरी येईन. मला तू घरात हवीस.

तुझीच,
जनी