विहिरीतलं कासव

ती. दादास जयनगरहून संयोगिताचा नमस्कार.

मी मजेत आहे. इथलं सांबार स्वल्प गोड लागतं, पण चालतं. तुझी बीपीची गोळी चालू आहे ना? आईचा गुडघा?

मुलांना आणि मोठ्यांना निसर्ग शिकवणारे नवे शिक्षक मी इथे तयार करते. त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आपल्या घरातली गोष्ट सांगा. नमुना म्हणून आपल्या घरामागची विहीर सांगते, मुलांच्या शिबिरातही तीच. पाणी स्वच्छ राहावं म्हणून आबांनी तिच्यात कासव सोडलं होतं. गाडी लावायला जागा हवी म्हणून तू ती राडारोड्याने बुजवलीस. कासव वर काढायलाही थांबला नाहीस. मोठी माणसं वहीत उतरवून घेतात. मुलं मात्र विचारतात, "तो माणूस कोण?" आजवर मी "होता कुणीतरी" म्हणत आले.

सुट्टीत वैदेहीला आमच्या शिबिराला पाठवतोयस, फार बरं वाटलं. कासव नदीत सोडलं, असंच सांगितलंयस ना तू लेकीला?

पहिल्या रांगेत बसवीन तिला. तिनं विचारलं, की नाव सांगेन. रडली तर जवळ घेईन, काळजी करू नकोस.

स्वेटर तेवढा दे बरोबर. सकाळी गारठा असतो.

तुझीच,
संयोगिता