जेट्टीजवळचं मंद वारं

मंगळवार, दिवेलागण

आज आबांची फवारणी माझ्यामुळं वाया गेली.

कोकणातली नोकरी सोडून जळकोटला घरी आले, त्याला वर्ष झालं. तरी रोज सकाळी मोबाइलवर तिथल्या जेट्टीजवळच्या लाटांचा अन् वाऱ्याचा अंदाज बघते. तिथंच सर्फिंग शिकले. खाली नुसती वाळू, शिकाऊ माणूस पडला तरी लागत नाही. आज कमरेएवढी लाट आणि वारं एकदम मंद. अशा दिवशी मीसुद्धा फळीवर उभी राहायचे.

तेवढ्यात आबांनी विचारलं, "दुपारपतूर वारं कसंय गं?"

"लई मंद हाय," मी म्हणाले. तिथलंच सांगितलं. मी होते तरी कुठं?

आबा पाठीला पंप लावून सोयाबीनमध्ये गेले. नऊलाच वारं सुटलं. अर्धं औषध बांधापलीकडं उडालं. निम्मं रान तसंच सोडून ते परत आले.

संध्याकाळी खरं ते सांगून टाकलं. आता बोलणी बसणार, असं वाटलं. आबा बराच वेळ हाताला साबण चोळत राहिले.

"अन् तिथं? दिवसभर मंदच होतं वारं?"

"हाव, आबा."

"मग तुजा बी दिस वाया गेला की."