हरीदादाचं कार्ड

अंबरनाथ, मंगळवार, २१ जानेवारी २०२५, सकाळी ११.१५, पुस्तकांना नंबर चिकटवताना

चिमीताईस दिपेशचा नमस्कार.

मी बरा आहे, डबा वेळेवर येतो. चर्चच्या लायब्ररीतली सहाशे पुस्तकं मोबाईलवरच्या यादीत भरली. पूर्वी पुस्तक नेणारा आतल्या कार्डावर स्वतःच नाव आणि तारीख लिहायचा. आता यादीत नोंद झाली की ते कार्ड फाडायचं, असं ठरलंय.

आपला हरीदादा इथल्या कंपनीत असताना वाचायला यायचा ना? एका कार्डावर त्याचं नाव सापडलं. अक्षरांवर रेघ न देता लिहिलेलं, त्याच्या सवयीप्रमाणे. बरं वाटलं. मग त्याच्या नावापुढच्या तारखा पाहिल्या. शेवटची परवाच्या रविवारची आहे. ताई, तो वारून तीन वर्षं झाली ना गं?

फादरना विचारलं, इथे कोण येतं? ते हसले, "अरे बाळा, तू येईपर्यंत दोन वर्षं कुलूपच होतं. उंदरांशिवाय वाचक नाही! आणि आता किल्ली तुझ्याच खिशात."

आईला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

सगळी पुस्तकं भरून झाली, एक सोडून. ते भरलं तर कार्ड फाडावं लागेल. म्हणून ते टेबलावरच ठेवलंय. शेजारी टोपण काढलेलं पेन.

तुझा धाकटा,
दिपेश