ह्या नंबरचं नाव काय?

३ फेब्रु., मंगळ.
कपडे वाळत घालताना होस्टेलची शनिवारची दुपार आठवली. मी आणि रूथ व्हरांड्यात बसून परकरांच्या नेफ्यांवर लाल दोऱ्यानं धोब्यासाठी नंबर शिवतोय. तिचा एकतीस, माझा बत्तीस. धुऊन आलेला कपडा सिस्टर उचलायच्या, नंबर वाचायच्या, वहीत बघून नाव पुकारायच्या. वहीत नाव नसलं की कपडा कोपऱ्यातल्या टोपलीत. माझा दोरा संपला तेव्हा रूथनं तिचा दातानं तोडून दिला होता.

आणि दुपारी ऑफिसात नेमका तिचाच फोन, काष्टीहून. "लिली, मनीषाचं पत्र तिकडं पोचलंच न्हाई म्हणत्यात."

मनीषा तिची धाकटी मुलगी, मी काम करते त्याच नर्सिंग स्कूलमधून शिकलेली. आयर्लंडला नोकरी ठरलीय. तिथल्या नोंदणी ऑफिसला शाळेचं पडताळणीपत्र २० तारखेपर्यंत हवं. तेही शाळेच्या स्वतःच्या मेलवरूनच. जीमेलवरून नाही, मुलीच्या हातून तर नाहीच.

मी जानेवारीतच पाठवलंय. वहीत बरोबरची खूण आहे. माझ्याच हातची.

४ फेब्रु., बुध.
सापडलं. पाठवलं त्याच दिवशी मेल परत आला होता. इंग्रजी-आकड्यांची गिचमीड बघून मी उघडलाच नाही. सिस्टरांच्या शाळेत इंग्रजीत पहिली येणारी मी!

गाडेकरला बोलावलं. भिंगारात दुकान आहे त्याचं, आमचे कॉम्प्युटर तोच बघतो. कपाटातल्या मेलच्या सर्व्हरसमोर मांडी घालून बसला. "डिसेंबरात इंटरनेटची लाइन बदलली, लाइनला नवा नंबर आला. शाळेच्या नावापुढं तो नंबर मी लावला, मॅडम. पण मेल घेणारा तिकडचा सर्व्हर उलटं इचारतो, ह्या नंबरचं नाव काय? तिथं आपलं नावच न्हाई. मग त्याला वाटतं कोण तरी भामटा हाय. एक तर स्पॅममधी टाकतो, न्हाईतर दारातूनच घालवतो."

"मग लिही ना तिथे."

"मला न्हाई लिहिता येत. ज्याचा नंबर त्याची वही. नंबर कंपनीचा हाय."

ह्याला रिव्हर्स डीएनएस म्हणतात. मला सिस्टरांची टोपली दिसली.

दोन महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? इथलं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, म्हणून.

६ फेब्रु., शुक्र.
लाइनच्या कंपनीला विनंती केली. नंबरवर आमचं नाव लावा. शाळेच्या मेलवरून, लेटरहेड जोडून. रूथला कळवलं, होईल.

१० फेब्रु., मंगळ.
उत्तर नाही. फोन लावला, पाऊण तास गाणं ऐकलं. मग एक मुलगी बोलली. "मॅडम, तुमचा मेल आमच्या स्पॅममध्ये पडलाय." हसली, लगेच सॉरी म्हणाली. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते.

"आणि अशी विनंती लाइन ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच करायची असते. सॅम्युएल साळवे सर आहेत का तिथे?"

आहेत म्हटलं नाही, नाहीत म्हटलं नाही. फोन ठेवला.

११ फेब्रु., बुध.
हे जाऊन दोन वर्षं होतील. शाळेचे हिशेबनीस, पण सर्व्हर ह्यांनीच हौसेनं बसवला, लाइन स्वतःच्या नावावर घेतली. ह्यांच्या माघारी प्रिन्सिपल सिस्टरांनी मला दोनदा सांगितलं, नाव बदलून घ्या. दोनदा हो म्हटलं. रेशनकार्डावरून नाव गेलं, बँकेतून गेलं, चर्चच्या यादीतून गेलं. कंपनीचं पाकीट तेवढं दर महिन्याला येतं, श्री. सॅम्युएल साळवे. पोस्टमन दारातून अजून "साळवे सर!" अशी हाक देतो. डिसेंबरात नवी लाइन घेतानाही मी फॉर्मवर तेच नाव पुढे चालू ठेवलं. तेव्हाच बदललं असतं तर

१२ फेब्रु., गुरु.
गाडेकर म्हणाला, "सरांची एक सही मारा. कोण बघतंय? उद्या काम हुईल."

जुन्या पत्राच्या पाठीवर करून पाहिली. हुबेहूब आली, शेवटच्या शेपटीसकट. भीती वाटली. फाडून टाकली.

आठ दिवस राहिले.

१४ फेब्रु., शनि.
रूथ एसटीनं आली. सगळं सांगितलं. कंपनीचा नियम, ह्यांचं नाव, मी का बदललं नाही ते. चूक माझीच.

रूथनं चहाचा कप बाजूला सरकवला. लग्न होऊन काष्टीला गेल्यापासून तिची बोली तिथलीच झालीय. "तू पहिल्यापास्नं अशीच. होस्टेलात मेलेली चिमनी तीन दिस पेटीत ठिवली हुतीस. वास सुटला तवा बोललीस." मग म्हणाली, "पुन्याची नोकरी सोडून बसलीय माझी पोरगी. आता तिचं काय, ते सांग."

चहा तसाच ठेवून गेली.

१८ फेब्रु., बुध. राखेचा बुधवार.
नाव बदलायच्या पत्रावर शाळेच्या ट्रस्टच्या अध्यक्षांची सही काल रात्री मिळाली. चार दिवस गावाला होते.

सकाळी चर्चमध्ये मिस्सा, कपाळावर राखेचा क्रूस, तिथून तशीच कंपनीच्या नगरच्या ऑफिसात. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, कपाळाला काहीतरी लागलंय."

"असू दे."

ट्रस्टचं पत्र, शिक्का, ह्यांचा मृत्यूचा दाखला. "आता नाव कुणाचं लावायचं?" स्वतःचं लिहिणार होते, पेन टेकवलंही. मग ट्रस्टचं लिहिलं. त्यांनी पट्टी लावून जुन्या नावावर रेघ मारली. फार सरळ मारली.

"रिव्हर्सची नोंद कधी होईल?"

"चोवीस तास धरा. कधी अठ्ठेचाळीस."

अठ्ठेचाळीस म्हणजे २० तारीख.

१९ फेब्रु., गुरु.
दर तासाला गाडेकरला फोन. शेवटी वैतागला, "मॅडम, मी काय कंपनीचा जावई हाय का?" चार वाजता त्याचाच आला. "लागलं! नंबर इचारला तर शाळेचं नाव सांगतोय."

पत्र पुन्हा पाठवलं. पाच मिनिटं. दहा. परत आलं नाही. रूथला लगेच कळवणार होते, तर गाडेकर म्हणाला, "थांबा. परत न्हाई आलं म्हंजे त्यांनी घेतलं, एवढंच. पुढं ठिवलं का स्पॅममधी टाकलं, ते आपल्याला दिसत न्हाई. दोन महिने बिननावाचा नंबर हुता. इस्वास बसायला येळ लागतो."

२० फेब्रु., शुक्र.
उत्तर नाही. सकाळी पत्र पुन्हा पाठवलं. तिकडे फोन लागतो, पण मशीन बोलतं. मनीषा दुपारपासून समोरच्या बाकावर बसलीय. "मावशी, तुम्ही घरी जा," म्हणते. मी जात नाही. आत्ता इथे सहा, तिकडे दुपारचे साडेबारा. त्यांचं ऑफिस अजून उघडं आहे.

या महिनाअखेर मी निवृत्त. बसल्या बसल्या चार्ज द्यायची यादी करते.

सर्व्हरच्या कपाटाची किल्ली आणि पासवर्डची वही प्रिन्सिपल सिस्टरांना. वहीची दुसरी प्रत ट्रस्टच्या तिजोरीत. पुढे काहीही कुणा एकाच्या नावावर घेऊ नये.
रिव्हर्सची नोंद झाल्याचा कागद फाइलला, झेरॉक्स गाडेकरला. लाइन पुन्हा बदलली तर आधी त्याला बोलवावं.
परत येणारे मेल माझ्या जागी येईल तिनं रोज उघडून वाचावेत.
ह्यांच्या नावाची पाकिटं माझ्याकडे. रेघ मारलेल्या फॉर्मची प्रत मला नको.
मनीषाच्या पत्राची शिक्क्याची प्रत तिला आत्ताच दिली.

आयर्लंडहून उत्तर माझ्या माघारी आलं तर: होकार असल्यास लगेच मनीषाला द्यावं, मला विचारायला थांबू नये. नकार असल्यास आधी मला. काष्टीला मी स्वतः जाईन.