मुक्कामी गाडीची सहा दहाची वेळ

६ सप्टेंबर १९७१
वेळेवर गाड्या सोडण्यात वीस डेपोंत आमचा डेपो विसावा का? मला उत्तर येत नाही. बी.ए. असून येत नाही. साहेबांनी तक्ता माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, इतर डेपोंशी तुलना करा, सुधारणा सुचवा. नंबर वर आला तर तुमची तात्पुरती जागा कायम करायची शिफारस करतो. नाही आला तर दिवाळीनंतर मीही आई-दादांबरोबर ऊसतोडीला. घरातली पहिली पदवीधर, हातात कोयता.
निश्चय: पहिल्या पाचांत.

९ सप्टेंबर
सर्वांत उशिराची गाडी आमच्याच गावची मुक्कामी. वेळ सहा दहा, सुटते साडेसहाला. मी रोज हिनेच येते, कधी जाणवलं नाही. कारणाच्या रकान्यात कंडक्टर पुंजाराम रोज लिहितो, 'स्थानिक अडचण'. किती मोघम!

१० सप्टेंबर
सकाळी वेणी घालता घालता पुंजारामलाच विचारलं. तो आणि ड्रायव्हर रोजच्यासारखे आमच्या ओट्यावर चहा पीत होते. म्हणाला, "ताई, अडचन लई जवळची हाय. म्या न्हाई सांगनार."
लोक आकड्यांना घाबरतात.
आई म्हणाली, "आदी तुजी येनी उरक. गाडी खोळंबलीय."

१३ सप्टेंबर
परिपत्रक काढलं. 'कुणासाठीही न थांबता गाडी ठरल्या मिनिटाला सोडावी.' साहेबांची सही. मसुदा माझा.

१४ सप्टेंबर, सकाळी ६.१३
गाडी गेली. मी अंगणात, अर्धी वेणी. ओट्यावर पुंजारामचा चहा तसाच.
आई म्हणाली, "आता घाल निवांत. सांजंपातुर दुसरी गाडी न्हाई."
रात्री: पाथर्डी रस्त्यापर्यंत चार कोस चालले, तिथून दुसरी गाडी धरली. लेट मार्क. पण गाडी वेळेवर गेली, हे महत्त्वाचं.

१७ सप्टेंबर
तीन लेट मार्क. चौथ्याला जागा गेलीच. निश्चय: पहाटे चारला उठणे.

१८ सप्टेंबर
चारला उठले. वेळ होता म्हणून तुलनेचा तक्ता घेतला. सहा दहा कधी झाले कळलं नाही. रजेचा अर्ज.

२० सप्टेंबर
साहेबांनी पहिल्या नंबरच्या डेपोत अभ्यासाला पाठवलं. मोकळ्या केसांनी गाडी पकडली. तिथल्या हेडक्लार्क सूर्यभानरावांना त्यांची पद्धत विचारली. मी वही उघडून बसले.
म्हणाले, "त्यात काय अवघड? गाडी कवा सुटती ते म्हैनाभर बघितलं, अन् तीच येळ बोर्डावर लिवली."
वहीत काही लिहिलं नाही. ही सुधारणा नव्हे, फसवणूक. मी जन्मात करणार नाही.

२१ सप्टेंबर
दादा कोयत्याला धार लावत होते. एवढ्यात कशाला, म्हटलं.
"मुकादम आलता. इचारत हुता, पोरीचं नाव धरू का."
दगडावर कोयता घासल्याचा आवाज ऑफिसातही कानात होता.

२२ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. वेळापत्रक माणसांसाठी असतं. 'फसवणूक' हा शब्द घाईत लिहिला गेला. नवी वेळ साडेसहा. परिपत्रकातलं 'कुणासाठीही न थांबता' काढलं. दोन्हींवर साहेबांची सही. डेपोचा बोर्ड उद्या रंगेल. दादांना सांगितलं, मुकादमाला नाही म्हणा.

२३ सप्टेंबर
नव्या वेळेचा पहिला दिवस. आई म्हणाली, "आता येळ हाय, डोक्यावरून न्हाऊन घे." न्हाले. पुंजारामने दुसरा चहा घेतला. गाडी सुटली सहा चाळीसला. 'स्थानिक अडचण' त्याने माझ्याकडे न बघता लिहिलं. मीही बाहेर बघत बसले.
डेपोत उतरले तेव्हा पेंटर बोर्ड संपवत होता. त्याच्याकडून ब्रश मागून घेतला. साडेसहा अजून ओलं होतं. पुसून सहा चाळीस लिहिलं.