पेत्राची कात

विन्सेस, ३ जून १९७८

चि. फाउस्तोस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आपली पेत्रा गेली. महिना झाला, पण लिहायला हात धजत नव्हता. कोकोच्या कोठारात बाबांच्या हॅटशेजारी वेटोळं घालून होती. हात लावला तर हालचाल नाही. बाबांच्या हाताची सवय असलेलं घरात तेवढंच जितं उरलं होतं रे. मी रडले, तर शेजारची ओतिलिया म्हणते, अजगरासाठी कोण रडतं? तिच्या कोठारात उंदरांची वरात निघते, तिला काय कळणार!

उंदीर आपलीही पोती फोडू लागले, म्हणून नदीपलीकडून अजगराचं पिल्लू आणलंय. त्याला एकटं वाटू नये म्हणून खोक्यात पेत्राची जपलेली कात अंथरली. पण आणल्यापासून त्याने तोंडाला काही लावलेलं नाही, कोपऱ्यात आक्रसून असतं. हेही गेलं तर कोठाराला कायमचं कुलूप लावीन. काय करू, लवकर कळव. किटोच्या थंडीत छाती जप.

तुझी माया कमी न व्हावी.
ओदिला

किटो, ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि खाणावळीतलं बटाट्याचं सूप तसंच राहिलं. पेत्रा तुळईवरून लोंबायची आणि बाबा तिला, बाईसाहेब, खाली या, पाहुणे आलेत, असं म्हणायचे, आठवतं? तेव्हा पळत सुटायचीस तूच!

पण ताई, हे काय केलंस? साप जिभेने वास घेतो. बाबा कात नदीत सोडायचे ते उगाच का? नव्या सुनेच्या उशाशी सासूचे कपडे ठेवल्यावर तिला घास कसा जाईल? कात सोडून दे, खोकं गरम पाण्याने धू, आणि आठवडाभर तिकडे फिरकू नकोस.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा फाउस्तो

विन्सेस, २० ऑगस्ट

चि. फाउस्तोस आशीर्वाद.

कात नदीत सोडताना खूप रडले. हॅट मात्र ठेवली आहे.

पठ्ठ्याने उंदीर गिळला! आता पेत्राच्याच तुळईवर पसरलेला असतो. काल कोकोचे व्यापारी आले, तर माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, साहेब, खाली या, पाहुणे आलेत. बाबा गेल्यावर कोठारात हे शब्द कोणी बोललंच नव्हतं. मी पोत्यावर बसूनच राहिले.

तो काही खाली आला नाही. पेत्रा तरी कधी यायची?

नाताळात ये, तोवर लोभ राहू दे.
ओदिला