ट्रॅक सातवा : निरोप

३ मार्च, सोमवार
आजपासून अल्बम. नऊ ट्रॅक. पूर्ण इन्स्ट्रुमेंटल रॉक, मूड सिनेमॅटिक. गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड सगळं एकटा वाजवणार. बँडपेक्षा एकटा कलाकार जास्त खरा असतो, हे मला बँडमधल्या तिघांनी काढून टाकल्यावर लगेच कळलं. नोकरीचंही तसंच. कंपनीने जानेवारीत मोकळं केलं. मी नाहीतरी दिवाळीपर्यंत सोडणारच होतो.
अवनीची खोली स्टुडिओ केली. हॉलमध्ये झोपायला मिळतंय म्हणून खूश असावी. विचारलं नाही.
निशाला सांगितलं, तीस एप्रिलला रिलीज. ती डबा भरत होती. बरं म्हणाली. पाठिंबा आहे.

९ मार्च, रविवार
अवनीला अल्बमची गोष्ट सांगितली. न काढलेल्या सिनेमाचं संगीत आहे, असं समजायचं. एक माणूस सगळं सोडून लांबच्या प्रवासाला निघतो. तिने विचारलं, त्याच्या घरी कोण कोण आहे? म्हटलं, त्याला घर नाही. मग तो निघतो कुठून, असं म्हणाली.
मुलं तपशिलात अडकतात. ट्रॅक एक पूर्ण. जवळजवळ.

१८ मार्च, मंगळवार
खालच्या मजल्यावरच्या कादंबरीताई जिन्यात भेटल्या. दुपारभर घरघर येते, तुमचा मिक्सर बिघडलाय का, असं विचारलं. अभिमानाने म्हटलं, मिक्सिंगच चाललंय. मग चटणी एकदाची बारीक होऊ द्या, म्हणाल्या.
कर्वेनगरात राहून जागतिक दर्जाचं काम करणं सोपं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
निशाची बदली. सांगली शाखा. तिचं माहेर तिथेच, त्यामुळे सोय आहे. अवनीलाही नेणार. बदली मीच मागून घेतली, असं ती म्हणाली. घाईत चुकून बोलली असेल.
शांतपणे विचार करता उत्तम झालं. मला काम करायला मोकळीक मिळावी म्हणूनच हे. उघड बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नाही. ट्रॅक चारचे ड्रम पुन्हा करायचे आहेत.

२७ एप्रिल, रविवार, सकाळी ११
स्वारगेटला दोघींना सोडून आलो. सातव्या ट्रॅकचं नाव ‘निरोप’. त्याच्या सुरुवातीला एसटीच्या इंजिनाचा खरा आवाज हवा होता. फोनवर रेकॉर्ड केला. जबरदस्त खर्ज. गाडी वळून बाहेर जाईपर्यंत फोन अजिबात हलू दिला नाही. दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे हात हलवायचं राहिलं.
अवनी खिडकीत होती बहुतेक.

२८ एप्रिल, सोमवार
कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. इंजिनाच्या मध्येच अवनीने दोनदा ‘बाबा’ म्हटलंय. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. अल्बममध्ये माणसाचा आवाज नको, हे पहिल्या दिवसापासूनचं तत्त्व. कापला. सांधा कुठे कळतसुद्धा नाही. हात बसलाय आता.

३० एप्रिल, बुधवार
रिलीज पंधरा मेला. घाई कलेला मारक असते.

९ मे, शुक्रवार
अ‍ॅम्प खरखरतो म्हणून बुधवार पेठेत नासिरभाईंच्या दुकानात. वीस वर्षं माझे अ‍ॅम्प तेच दुरुस्त करतात. आठ ट्रॅक ऐकवले. डोळे मिटून ऐकले त्यांनी, हातातलं सोल्डरिंग आयर्न गार होईपर्यंत. मग म्हणाले, आवाज स्वच्छ आहे. मी थांबलो. त्यांनी विचारलं, घरचे कसे आहेत? म्हटलं, दोघी सांगलीला गेल्यात, घरी कोणी नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग छान होतंय. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, अ‍ॅम्प होईल दुरुस्त, तुम्ही आधी सांगलीला जाऊन या.
मोठा माणूस, पण संगीतातलं त्यांना फारसं कळत नसावं.

१५ मे, गुरुवार
‘निरोप’मधला सोलो होत नाही. बोटं बरोबर जागी पडतात. सूर लागतो. बाकी काही येत नाही. तारा जुन्या झाल्यात. बदलल्या.

१६ मे, शुक्रवार
तारांचं कारण नव्हतं. हवेत दमटपणा आहे.

२४ मे, शनिवार
आज बत्तीस टेक. सगळे सारखे. म्हणजे सातत्य आहे. पहिलाच ठेवला.
निशाचा मेसेज होता, अवनीला ताप आहे. ‘ओके, काळजी घ्या’ असं लिहिलं. उद्या फोन करणार.

२९ मे, गुरुवार
फोन करायचा राहिला. ताप उतरला असेल आता.

८ जून, रविवार
रिलीज! ओळखीच्या सगळ्यांना लिंक पाठवली. रात्री सांगलीला निघायचं ठरवलं होतं, पण पहिल्या दिवशी कलाकार श्रोत्यांना उपलब्ध असावा.
श्रोते चार. त्यात तीनदा मी.

१४ जून, शनिवार, दुपारी
निशाचा फोन. चौथी ती होती. बेचाळीस मिनिटं पूर्ण ऐकला म्हणाली. चांगला वाजवलायस म्हणाली. मग विचारलं, या सिनेमात घडतं काय? उत्तर तयार होतं, मुलाखतीसाठी दोनदा लिहूनही काढलं होतं. तोंडातून आलं, काही नाही. हो, मलाही तसंच वाटलं, ती म्हणाली. चिडून नाही. हवामान सांगावं तसं.
मग म्हणाली, अवनीचं नाव इथल्या शाळेत घातलंय. सोमवारपासून सुरू. परत यायचा विचार नाही, तुला आधीच कळलं असेल.
कळलं होतं, असं मी म्हटलं. काहीतरी वाटायला हवं होतं. वाट पाहिली. शेवटी विचारलं, युनिफॉर्मचा रंग कोणता? निळा. छान, म्हटलं, तिसरीत ना? चौथीत, निशा म्हणाली.
इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही. चौथी.